पिशवी संपली की येईन

४ नोव्हेंबर

बेबीताई,

नमस्कार-चमत्कार समजून घे. तुझ्या कानांनी फोनला दगा दिला हे एका परीनं बरंच झालं. हे मला तोंडानं सांगताच आलं नसतं. लिहिताना निदान कुणी मध्येच "अगं बाई गं" म्हणत नाही.

तीन महिने माझं पोट दुखत होतं. उजव्या बरगडीखाली. मला वाटलं पित्त. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, जेवणाचा पत्ता नाही, मग पित्त होणार नाही तर काय! पांढरी गोळी चघळली की दोन तास बरे जायचे. मग तापही यायला लागला. एका गिऱ्हाईक बाईच्या कोटाचं अस्तर बदलत होते, तिनं माझा चेहरा बघून कोट तिथंच टाकला आणि मला ओढत डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली, मग ते मोठं स्कॅन झालं, बाटल्या भरभरून रक्त घेतलं. काल सर्जननं समोर बसवलं. तरुण आहे, नखं स्वच्छ, बोलणं सरळ. म्हणाला, पित्ताशयाची भिंत फार जाड झाली आहे, यकृताला चिकटली आहे, आत खडे आहेत, रक्तातला एक आकडाही वाढलाय. "हे कॅन्सरसारखं दिसतंय."

मी म्हटलं, सारखं म्हणजे? तर म्हणाला, हुबेहूब असाच दिसणारा दुसरा एक आजार असतो, नुसत्या सुजेचा, पण तो फार क्वचित. बाहेरून दोघांत फरक करता येत नाही. आणि सुई घालून तुकडा काढावा, तर कॅन्सर असला तर तो पसरण्याची भीती. म्हणून काढायचं आणि मगच कळायचं.

मी जन्मभर गिऱ्हाइकांना "बघू, होऊन जाईल" म्हणत आले आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून काय बोलतात ते मला कळतं. दुसरा आजार म्हणजे तेच. पित्ताशयाचा कॅन्सर झालेली दोन माणसं माझ्या माहितीतली. एक चार महिन्यांत गेला, दुसरी पाच.

आता मुद्द्याचं. धाकू. आपला भाऊ सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण तीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा जेवढा होता तेवढाच आहे. बूट उलटे घालतो, पाचापुढे मोजता येत नाही, मी दिसले नाही तर संडासाच्या दारापाशी येऊन उभा राहतो. मी गेल्यावर हा कुणाच्या दारात उभा राहणार? तुझ्या संस्थेत, त्याच्यासारख्यांत, त्याला जागा कर. तू तिथल्या कपडेखोलीत आहेस, अधीक्षकबाईंशी तुझं बरं आहे, एवढं कर. मी जिवंत असतानाच त्याला तिथली सवय व्हायला हवी. माझं प्रेत त्यानं बघायला नको.

खालचा गोल धाकूनं तुझ्यासाठी काढलाय. आपलं काय चाललंय हे त्याला काही माहीत नाही.

तुझी
सुई


११ नोव्हेंबर

सुये,

तुझं पत्र कपडेखोलीत चादरींच्या ढिगावर बसून वाचलं आणि तिथंच ढसाढसा रडले. इस्त्रीवाली म्हणाली, काय हो, चादरी पुन्हा ओल्या करताय! 

आधी तुला झापते. तीन महिने पोट दुखतंय आणि बया पांढऱ्या गोळ्या चघळते! लोकांच्या कपड्यातला एक टाका सुटला तर तुला लांबून दिसतो, आणि स्वतःचं शरीर उसवलं तरी पत्ता नाही. आणि तो दुसरा आजार तू असा झटकून का टाकलास? क्वचित म्हणजे कुणाला तरी होतोच ना? तो कुणीतरी तू का नसावीस? लहानपणापासून तुला वाईटच तेवढं खरं वाटतं.

बरं. जागा झाली. खाली, खिडकीजवळची खाट आहे. अधीक्षकबाई नियमाला पक्क्या आहेत. पहिले चाळीस दिवस घरच्यांनी भेटायला यायचं नाही, नाहीतर माणूस रुळत नाही, रोज फाटकाकडे डोळे लावून बसतो. मी म्हटलं, माझी बहीण आजारी आहे हो. म्हणाल्या, म्हणूनच.

त्याची उशी आण, त्याचा मग आण. कपड्यांवर नाव घालायला मी इथं आहेच. आणि त्याला नीट काहीतरी सांगून ठेव, तू कधी येणार ते. त्याला दिवस कसे समजतात ते तुलाच ठाऊक.

बेबीताई


२० नोव्हेंबर

बेबीताई,

परवा तू मला चहा पाजून गाडीत बसवलंस तेव्हा मी काही बोलले नाही. आता सांगते. मी एक लबाडी केली आहे.

तुझ्या फाटकाशी तो दगडी बाक आहे ना, त्यावर त्याला बसवलं आणि एक रिकामी बरणी आणि पिशवी दिली. निळी, नाडीची, मीच शिवलेली. त्यात बटणं आहेत. तीस वर्षांत जेवढे जुने शर्ट, कोट, झगे फाडले त्यांची सगळी बटणं मी बरण्यांत ठेवत आले होते, ती ओतली. मोजली नाहीत, पण दोन हजारांच्या खाली नसतील. त्याला सांगितलं, रोज सकाळी दूध झालं की एक बटण बरणीत टाकायचं. एका वेळी एकच. पिशवी संपली की ताय येईल, आणि तू इथं, या बाकावर बसलेला असशील, आणि आपण घरी जाऊ.

त्यानं विचारलं, "संपली की?" मी म्हटलं, संपली की. तो हसला. तुला माहितेय तो कसा सगळं तोंड उघडून हसतो.

अधीक्षकबाईंचे चाळीस दिवस मला माहीत होते. चाळीस बटणं घालायची खरी तर. पण चाळीस दिवसांनी मी कुठं असेन? चाळिसावं बटण टाकून तो बाकावर बसला आणि मी मेलेली असले तर? म्हणून आयुष्यभर पुरतील एवढी घातली. पिशवी हलकी होत जाईल, तो आशेवर राहील, आणि हळूहळू विसरून जाईल. मोजता येत नाही हे एक सुखच त्याचं.

तेवढं बटण तोंडात घालत नाही ना बघ. फाटकातून निघताना मी मागे वळून पाहिलं नाही.

ऑपरेशन दोन तारखेला.

सुई


२७ नोव्हेंबर

सुये,

धाकूचं वर्तमान कळवते. पहिले दोन दिवस खाटेवर झोपेना, खाटेखाली झोपला. तिसऱ्या दिवशी मी त्याला कपडेखोलीत आणलं. आता सकाळपासून इथंच असतो. मोज्यांच्या जोड्या लावतो. लाल मोजा लाल मोज्याशी, पण एक लांब एक आखूड, असं चालतं. मी म्हणते, शहाणा रे माझा! मग दिवसभर स्वतःशीच "शाना, शाना" चाललेलं असतं. इस्त्रीवालीला त्याचा लळा लागलाय.

दूध झालं की पिशवीची नाडी सोडतो, हात घालून बराच वेळ चाचपतो, एक बटण काढून मला दाखवतो आणि बरणीत टाकतो. आवाज ऐकतो. नाडी बांधतो. रोज एकच, अगदी न चुकता. एखादा कारकून शिक्का मारील इतक्या गंभीरपणे.

पण सुये, तुझं हे मला पटलं नाही. मनापासून सांगते. तो तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो आणि तू त्याला असं फसवलंस. तू बरी झालीस तर काय करणार आहेस? दोन हजार दिवस थांबणार? मी तर ठरवलंय, ऑपरेशन चांगलं झालं की तो झोपलेला असताना पिशवीतली बटणं कमी करायची. तुला विचारणारही नाही.

खाली त्याचा गोल आहे. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबतो मेला.

बेबीताई


१ डिसेंबर

बेबीताई,

दवाखान्यातून लिहितेय. खोलीत दोन खाटा, दुसरी रिकामी. भिंत अशा रंगाची की कुणी अस्तरालाही लावणार नाही.

सर्जन संध्याकाळी आला होता. मी म्हटलं, चित्र काढून दाखवा. त्यानं माझ्याच केसपेपरच्या मागे काढलं. हे यकृत, ही त्याखालची पिशवी. (पिशवी म्हणाला, पित्ताशयाला.) पिशवी काढणार, तिला चिकटलेला यकृताचा तुकडा काढणार, आजूबाजूच्या गाठी काढणार, आतडं चिकटलेलं असलं तर तेही थोडं. मी झोपेत असतानाच एक तुकडा गोठवून लॅबमध्ये बघतील. मी विचारलं, त्यात कॅन्सर नाही निघाला तर कमी कापाल का? तो म्हणाला, "त्या तुकड्यात सूज दिसली तरी शेजारी कॅन्सर नसेलच असं नाही. दोन्ही एकत्रही असतात. कमी कापलं आणि तो राहिला, तर दुसरी संधी नाही." मला माणूस आवडला. कापड कमी पडण्यापेक्षा जास्त धरलेलं बरं, आम्हीही तेच करतो.

त्यानं जाताना पुन्हा त्या दुसऱ्या आजाराचं काढलं. मी म्हटलं, डॉक्टर, मला खोटा धीर देऊ नका, मी तयारी करून आले आहे. आणि खरंच केली आहे. गिऱ्हाइकांचे कपडे परत केले. मशीनला तेल घालून झाकून ठेवलं.

मी उठले नाही तर धाकूला काही सांगू नकोस. त्याला बटणं टाकू दे. आणि माझी पिशवी कमी करायचं बोललीस ते मनातसुद्धा आणू नकोस. जशी आहे तशी राहू दे.

मला भीती वाटतेय गं. खूप वाटतेय.

सुई


९ डिसेंबर

सुये,

ऑपरेशन झाल्याचं ऑफिसातल्या कारकुनानं तीन तारखेलाच मला लिहून दाखवलं होतं. पुढं पित्त गळायला लागलं, तुला पुन्हा अतिदक्षता विभागात हलवलं, तेही कळलं. काल पुन्हा फोन लावायला लावला. नर्स म्हणाली, शुद्ध येते-जाते, अजिबात धक्का बसता कामा नये.

तू काळजी करू नकोस. धाकू छान आहे. जेवतो, झोपतो. थंडी आहे, पण स्वेटर घालतो. काल त्यानं स्वेटरची बटणं आपली आपण लावली.

खाली त्याचा गोल आहे.

तू फक्त बरी हो.

बेबीताई


२० डिसेंबर

बेबीताई,

अक्षर बघू नकोस, हात अजून थरथरतो. पण हे पत्र मीच लिहिणार, कुणाला सांगून लिहून घेणार नाही.

मला कॅन्सर नाही!

पुन्हा लिहिते. मला कॅन्सर नाही. नव्हताच. काल रिपोर्ट आला. सर्जन स्वतः कागद घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला. मला वाटलं आता महिने सांगणार. तर म्हणाला, तोच तो दुसरा आजार. नाव लिहून दिलंय, झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस. म्हणून बघ, मशीनमध्ये दोरा अडकल्यासारखी जीभ अडकते. खड्यांमुळे पित्त वर्षानुवर्षं भिंतीत झिरपलं, ते खायला शरीरातल्या पेशी जमल्या, खाऊन खाऊन फुगल्या, आणि भिंतीत पिवळ्या गाठी झाल्या. बाहेरून कॅन्सर, आतून नुसती सूज. गोठवलेल्या तुकड्यात सूज दिसली होती म्हणे, पण लॅबवाले छातीठोक सांगेनात, म्हणून त्यानं सगळं काढलं. यकृताचा तुकडा, आतड्याचं एक वेटोळं. त्यातनंच पुढं पित्त गळायला लागलं आणि मी नऊ दिवस नळ्यांत पडून होते. म्हणाला, "कदाचित एवढं कापायला नको होतं. पण तेव्हा मला ते कळायला मार्ग नव्हता." त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, अहो, तुम्ही कापा हवं तेवढं, मी जिवंत आहे ना!

तू म्हणाली होतीस, तो कुणीतरी तू का नसावीस. तुझ्या तोंडात साखर पडो.

आता ऐक. सहा आठवडे आराम सांगितलाय. म्हणजे चाळीस दिवस धर. आजच्या आज पिशवीतली बटणं काढ आणि चाळीस ठेव. हो, मीच सांगतेय, मीच तुला नको म्हटलं होतं, खा हवे तेवढे टोमणे. चाळीस मोजून ठेव. चाळिसावं बटण पडलं की मी फाटकात. यावेळी खरं.

आणि त्यानं स्वेटरची बटणं स्वतः लावली? मी तुझं पत्र छातीवर ठेवून झोपले होते. तीस वर्षं मी त्याची बटणं लावतेय, गं. एकदा शिकवून बघितलं, दोनदा, मग वेळ नसायचा, मग मीच लावायचे. तुझ्याकडे तीन आठवड्यांत शिकला! म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही, मीच येऊ दिलं नाही. आनंदही झाला आणि कुठंतरी टोचलंही. घरी आला की रोज त्यालाच लावायला सांगणार.

सुई


२८ डिसेंबर

सुये,

तुझं पत्र मिळालं. देव पावला म्हणायचं. फार बरं वाटलं.

निघायची घाई करू नकोस. पोटाचे टाके म्हणजे काही सदऱ्याचे नाहीत. गाडीचे धक्के बसतात, इथं थंडी फार आहे. चाळीस दिवस झाले म्हणजे झालेच असं नाही. फेब्रुवारी जाऊ दे.

चाळीस ठेवली.

खाली गोल आहे.

बेबीताई


६ जानेवारी

बेबीताई,

मी घरी आले. शेवटची नळी निघाली.

काल तुझी सगळी पत्रं कॉटवर मांडली. मला उद्योग नाही. सत्तावीस नोव्हेंबरचा गोल आणि नंतरचे दोन गोल शेजारी शेजारी ठेवले.

धाकूचा गोल कधीच मिटत नाही. लहानपणापासून. सुरू करतो, जोर लावतो, आणि शेवटाला पोहोचायच्या आत पेन्सिल उचलतो. नेहमी उजवीकडे एक फट राहते. मी त्याला म्हणायचे, दार उघडं ठेवलंस का रे. नंतरचे दोन्ही गोल मिटलेले आहेत.

ते तू काढले आहेस. आणि त्यानं स्वेटरची बटणं लावलेली नाहीत.

ऑफिसला फोन केला होता. कारकून म्हणाला, बाई तुम्हाला पत्रानं कळवतील, आणि फोन ठेवला.

कळव. माझं शरीर काय सोसेल याचा विचार करू नकोस. ते काय काय सोसतं हे आता मला माहीत आहे.

सुई


१० जानेवारी

सुये,

मला क्षमा मागता येणार नाही. सांगते फक्त.

तीन डिसेंबरला सकाळी कारकुनानं चिठ्ठीवर लिहून दाखवलं, ऑपरेशन झालं, पेशंट ठीक. गळतीबिळती तेव्हा काही कळली नव्हती. माझ्या जिवात जीव आला. धाकू समोर मोज्यांपाशी बसला होता. मी त्याचे दोन्ही गाल धरले आणि म्हटलं, तुझी ताय वाचली रे, आता येणार ताय! माझ्या तोंडून निघून गेलं, सुये. आनंदात माणूस बघतो का काय बोलतो ते?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मोजे बाजूला सारले आणि पिशवी मांडीवर घेतली. त्या दिवशीचं बटण टाकून झालं होतं. त्यानं दुसरं टाकलं. मग तिसरं. मी चादरी मोजत होते, या कानांना बारीक आवाज ऐकू येत नाही, मला वाटलं खेळतोय. गप बसलाय, त्रास देत नाही, म्हणून बरंच वाटलं मला. दुपारी बरणी भरली. तो बरणी घेऊन माझ्याकडे आला आणि हात पसरला. आणि मी त्याला साबणाचा रिकामा डबा दिला. मीच दिला. पाठीवर थाप मारून म्हटलं, शहाणा रे माझा. थोड्या वेळानं आणखी एक दिला.

मूठ भरून एकदाही टाकली नाही त्यानं. इस्त्रीवालीनं पाहिलं. एकेक काढायचा, टाकायचा, आवाज ऐकायचा. जेवायलाही उठला नाही. उन्हं कलायच्या सुमाराला पिशवी उलटी करून मला दाखवली. झटकून दाखवली. "संपली." मग बूट घातले, उलटेच, आणि फाटकाकडे चालायला लागला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

बाकावर जाऊन बसला. मी समजावलं, अधीक्षकबाईंनी समजावलं. तो ऐकायचा नाही, नुसता रस्त्याकडे बोट करायचा. "ताय." दोघांनी उचलून आत आणलं, झोपवलं. सकाळी उजाडताना बघते तर पुन्हा बाकावर. वारा असा की उभं राहवेना. मी शाल पांघरली, तो ती काढून शेजारी ठेवायचा, घडी घालायचा प्रयत्न करायचा. तुझी जागा धरून ठेवत होता. दोन दिवस हेच. दूधसुद्धा तिथंच नेऊन दिलं, ते तुझ्यासाठी अर्धं ठेवलं. तिसऱ्या दिवशी अंग तापलं. छातीत कफ भरला. मोठ्या दवाखान्यात नेलं, न्यूमोनिया म्हणाले, सगळं केलं त्यांनी. आठ तारखेला सकाळी गेला. मी जवळ होते. पिशवी हातातच होती, कुणाला सोडवू दिली नाही.

तू तेव्हा नळ्यांत होतीस. पुढचं सगळं मी केलं. तुझं नाव घेऊन केलं.

नऊ तारखेला तुला लिहायला बसले आणि हात पुढे सरकेना. नर्सनं धक्का बसता कामा नये म्हटलं होतं. मग खोटं लिहिलं. स्वेटरची बटणं का लिहिली ते मलाही सांगता येणार नाही. बाकावर बसताना तो स्वेटर उघडाच होता, सारखं माझ्या डोळ्यांपुढे तेच येत होतं.

तू लबाडी केलीस म्हणून मी तुला सुनावलं होतं. माझ्या तोंडाला काळं लागलं.

बटणं डब्यांत आहेत. मी झाकणं उघडलेली नाहीत.

बेबीताई


१९ जानेवारी

बेबीताई,

तुझं पत्र वाचून मशीनच्या खणात ठेवलं होतं. आज लिहायला बसले.

तुझ्यावर चिडायचं म्हणून रोज सकाळी ठरवते. जमत नाही. तू डबा दिलास, तू त्याला "ताय येणार" म्हणालीस, तू गोल काढलेस, सगळं खरं. पण पिशवी मी भरली. मी मरणार म्हणून भरली, आणि मी मेले नाही.

लोक भेटायला येतात. म्हणतात, नशीब काढलंस, मरणाच्या दारातून परत आलीस. सर्जननं परवा टाके बघितले. म्हणाला, पित्ताशयच नाही म्हटल्यावर तो आजार आता परत येणार नाही, वीस वर्षं आरामात काढाल. मी बरं म्हटलं. त्याचा काय दोष? त्याला तिथं कॅन्सर दिसला म्हणून त्यानं जास्तीचं कापलं. मीही तेच केलं. तो निदान रिपोर्ट येईपर्यंत "सारखं" म्हणत होता. मी तेवढंही थांबले नाही.

त्यानं मूठ भरून टाकली नाही, हे तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचते. एका वेळी एकच, असं मी सांगितलं होतं. रोज एकच हे त्यानं सोडलं, पण एका वेळी एकच हे सोडलं नाही. म्हणजे कुठला नियम मोडला तर ताय लवकर येईल आणि कुठला मोडायचा नाही, हे त्याला कळत होतं. मी सगळ्या जगाला सांगत फिरले, त्याला पाचापुढे कळत नाही. तीस वर्षं माझ्या शेजारी बसलेला माणूस मला कळला नाही.

चाळीस घातली असती तरी त्यानं ती तासाभरात संपवली असती, हे मला समजतं. पण मग मी त्याला खोटं सांगितलेलं नसतं.

संडासातून बाहेर येताना अजून दार हळू उघडते. पलीकडे तो उभा असेल, त्याला लागू नये म्हणून.

एक काम कर. फाटकाजवळच्या बाकाची लांबी-रुंदी कळव. टेपनं मोज, वितीनं नको, तुझी वीत मला माहीत आहे. तो दगड गार असतो. त्या दिवशी बसल्याबरोबर मला कळलं होतं, तरी मी त्याला तिथंच बसवलं. जाड कापडाची गादी शिवते. मशीन चालवायला अजून परवानगी नाही, हातानंच शिवेन. तिथं कुणी ना कुणी वाट बघत बसणारच.

गादीतला कापूस सरकू नये म्हणून जागोजागी बटणं टाचावी लागतात. त्या डब्यांतली पाठव. चाळीस पाठव. नीट मोज, आणि एकही जास्त घालू नकोस.

सुई